वेष्टनावरचे मौन

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २०२४ च्या उन्हाळ्यात ४७ वर्षांच्या एका धडधाकट गृहस्थाने दुपारी एका मेजवानीत हॅम्बर्गर खाल्ला. सुमारे चार तासांनी तो आजारी पडला आणि त्याच रात्री प्राणास मुकला. शवविच्छेदन झाले, परंतु मृत्यूचे कारण हाती लागले नाही. त्यापूर्वी दोन आठवडे, गोमांसाचे जेवण झाल्यावर मध्यरात्री त्याच्या पोटात अशाच असह्य कळा आल्या होत्या. पण त्या आपोआप थांबल्या म्हणून त्यांचा कोणी फारसा विचार केला नव्हता. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे रक्त तपासले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा मृत्यू सस्तन प्राण्यांच्या मांसाच्या ॲलर्जीने झाला होता. या विकाराने झालेला, नोंद असलेला हा पहिला मृत्यू.

या घटनेची दखल समाजवादी विचाराच्या साप्ताहिकाने का घ्यावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो रास्त आहे. हॅम्बर्गरमध्ये मांस आहे हे निदान डोळ्यांना दिसते. ज्यांना आपल्या विकाराचे नाव कळलेले आहे, त्यांना तो टाळता येतो. त्यांचे खरे संकट वेगळेच आहे. ते दुकानाच्या फळीवरील रंगीबेरंगी पुडक्यांत दडलेले आहे. पुडक्याच्या आत काय आहे हे ज्याला ठाऊक असते तो ते सांगत नाही आणि ज्याला ते कळणे जीवन-मरणाचे असते त्याला ते विचारण्याचा हक्क नाही. कोणी काय लपवावे आणि लपविण्याची मुभा त्याला कोणी द्यावी, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही. तो कायद्याचा, बाजाराचा आणि सत्तेचा आहे.

प्रथम विकाराविषयी थोडेसे. गाय, बैल, डुक्कर, मेंढी, बकरी, हरीण अशा बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या शरीरात अल्फा-गॅल नावाची एक शर्करा असते. माणसाच्या, वानरांच्या आणि आशिया-आफ्रिकेतील माकडांच्या शरीरात ती नसते; पक्षी आणि मासे यांच्यातही ती नसते. काही जातींच्या गोचिडी चावल्यावर माणसाचे शरीर या शर्करेला शत्रू मानू लागते. अमेरिकेत पाठीवर पांढरा ठिपका असणारी ‘लोन स्टार’ गोचीड याला मुख्यतः कारणीभूत ठरते. शेरिल व्हॅन न्युनेन यांनी सिडनीच्या परिसरात या शतकाच्या पहिल्या दशकातच गोचीड आणि मांसाची ॲलर्जी यांचा संबंध दाखवून दिला होता. अमेरिकेत हा धागा एका कर्करोगाच्या औषधातून सापडला. सेटुक्सिमॅब हे औषध टोचताच आग्नेय राज्यांतील अनेक रुग्णांना भयंकर त्रास होई. अन्यत्र तो क्वचित होई. थॉमस प्लॅट्स-मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की या रुग्णांच्या रक्तात अल्फा-गॅलविरोधी प्रतिद्रव्ये औषध घेण्यापूर्वीच तयार होती. मांसाशी असलेला संबंध पुढच्याच वर्षी स्पष्ट झाला.

हा विकार कपटी आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याचे ओठ काही मिनिटांत सुजतात. कारण आणि परिणाम शेजारी-शेजारी उभे असतात. येथे मात्र खाल्ल्यानंतर दोन ते सहा तास काहीच घडत नाही. रात्री जेवलेला मनुष्य मध्यरात्री अंगावर गांधी उठून, पोटात मुरडा येऊन, श्वास कोंडून जागा होतो. संध्याकाळच्या जेवणाकडे त्याचे लक्ष जात नाही. पुष्कळदा डॉक्टरांचेही जात नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ साली दोन अहवाल प्रसिद्ध केले. २०१० ते २०२२ या काळात तपासण्यांवरून १,१०,००० हून अधिक संशयित रुग्ण आढळले आणि बाधितांची खरी संख्या ४,५०,००० पर्यंत असू शकेल, असा अंदाज त्यांत होता. त्याच वेळी १,५०० वैद्यकीय व्यावसायिकांची पाहणी करण्यात आली, तेव्हा ४२ टक्क्यांनी या विकाराचे नावही ऐकलेले नव्हते. जेथे डॉक्टरच अनभिज्ञ, तेथे रुग्णाला जो काही आधार उरतो तो पुडक्यावरच्या बारीक अक्षरांचा.

आता ती अक्षरे वाचू. गुरांची चरबी, डुकराची चरबी, मांसाचा अर्क हे शब्द निदान प्रामाणिक आहेत. जिलेटिन हा शब्द अर्धा प्रामाणिक आहे. ते डुकराच्या कातडीचे असेल, गुरांच्या हाडांचे असेल किंवा माशांचे असेल. माशांचे असल्यास रुग्णाला भय नाही. पण कशाचे ते बहुधा लिहिलेले नसते. गोळ्या-मिठायांत, मार्शमॅलोत, काही प्रकारच्या दह्यांत ते असते. त्यानंतर येतात ग्लिसरीन, मॅग्नेशियम स्टिअरेट, मोनो आणि डायग्लिसराइड्स. हे पदार्थ वनस्पती-तेलापासूनही होतात आणि जनावरांच्या चरबीपासूनही होतात. नाव मात्र एकच राहते. कोंबडीच्या सॉसेजचे बाहेरचे आवरण डुकराच्या आतड्याचे असू शकते. समुद्री शेवाळापासून काढलेल्या कॅराजीननमध्येही अल्फा-गॅल असते, म्हणून केवळ वनस्पतिजन्य असा शिक्का पाहूनही सर्वांना निर्धास्त होता येत नाही. दूध व दुधाचे पदार्थ काहींना सोसतात, काहींना सोसत नाहीत. प्रत्येक रुग्णाला यांतील प्रत्येक पदार्थ बाधतोच असे नाही. अतिशुद्ध केलेले घटक पुष्कळांना पचतात. कोणी काय वर्ज्य करावे हे जाणत्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागते. परंतु डॉक्टरांनी ठरवून दिलेले पथ्य पाळायचे कसे? पथ्य पाळण्यास आधी ताटात काय आहे ते कळावे लागते.

या सर्व शब्दांत सर्वांत फसवा शब्द म्हणजे ‘नैसर्गिक स्वाद’. अमेरिकी नियमांतील त्याची व्याख्या पाहण्यासारखी आहे. मसाले, फळे, भाज्या यांच्याप्रमाणेच मांस, मासे, कोंबडी, अंडी, दूध यांच्यापासून काढलेले स्वादद्रव्यही त्या दोन शब्दांत बसते. निसर्गात लिंबू आहे तसा बैलही आहे, एवढाच त्याचा अर्थ. लिंबू समजून कोणी बैल खाल्ला तर कायद्याची तक्रार नाही.

तेथे ॲलर्जीविषयी कायदाच नाही असे मात्र नव्हे. २००४ साली केलेल्या आणि २००६ च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्याने दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, कठीण कवचाची फळे, शेंगदाणे, गहू व सोयाबीन या आठ पदार्थांचा स्पष्ट उल्लेख सक्तीचा केला. २०२१ च्या कायद्याने तीळ नववा झाला. तो २०२३ पासून अमलात आला. दूध वगळता सस्तन प्राण्यांपासून मिळणारे घटक या नवांत नाहीत. त्यांचा समावेश व्हावा म्हणून २०२५ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहात विधेयक मांडले गेले. विधेयक मांडले जाणे आणि पुडक्यावर अक्षरे उमटणे यांत किती अंतर असते, हे तिळाच्या ॲलर्जीने पिडलेल्यांना विचारावे.

येथे एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्याच अमेरिकेच्या दुकानांत धार्मिक ज्यू ग्राहकाला एका लहानशा चिन्हावरून कळते की या पदार्थात मांस आहे, दूध आहे की दोन्ही नाहीत. हे चिन्ह देण्यासाठी कारखान्यातील प्रत्येक घटकाचा उगम तपासला जातो. म्हणजे माहिती अस्तित्वात आहे. ती कागदावर आहे, कंपनीच्या कपाटात आहे. अल्फा-गॅलचे अनेक रुग्ण नाइलाजाने याच चिन्हाचा आधार शोधतात. पण ते चिन्ह धर्मशास्त्रासाठी आखलेले आहे, वैद्यकासाठी नव्हे, म्हणून तो आधार अपुरा पडतो. माहिती दुर्लभ आहे म्हणून रुग्णाला मिळत नाही, असे नाही. ती मागणारा रुग्ण विखुरलेला आहे, म्हणून मिळत नाही. जो संघटित आहे त्याच्यासाठी चिन्ह छापले जाते. जो एकटा आहे त्याच्यासाठी ‘नैसर्गिक स्वाद’.

आपल्याला हे नवे नाही. मॅकडोनाल्ड कंपनीने १९९० साली आपले बटाट्याचे तळण यापुढे वनस्पती-तेलातच होईल असे जाहीर केले होते. त्या तळणात गोमांसापासून काढलेला स्वाद मिसळला जातो आणि घटकांच्या यादीत तो ‘नैसर्गिक स्वाद’ या नावाने वावरतो, हे २००१ साली उघडकीस आले. अमेरिकेतील हिंदू व शाकाहारी ग्राहकांनी दावे लावले. २००२ मध्ये कंपनीने क्षमा मागून हिंदू, शाकाहारी व अन्य संस्थांना एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मे २००१ मध्ये त्याचे पडसाद थेट ठाण्यात उमटले आणि तेथील उपाहारगृहाची मोडतोड झाली. भारतात असा स्वाद वापरला जात नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. भावना दुखावल्या तेव्हा दोन खंड हादरले. पण तोच शब्द जिवावर बेतणाऱ्यांसाठी जसाच्या तसा कायम राहिला.

अर्थशास्त्राच्या वर्गात मुक्त बाजाराचे गुणगान ज्या गृहीतकावर उभे असते ते असे की ग्राहकाला वस्तूची पूर्ण माहिती आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या गृहीतकाला सुरुंग लावला. विकणारा जाणतो आणि घेणारा जाणत नाही, तेव्हा बाजार चांगल्या मालालाच हुसकावून लावतो, असे त्यांनी दाखविले. जुनी मोटार निदान रस्त्यावर बंद तरी पडते. मालकाला आपण फसलो हे कळते. गोळीच्या कवचातील जिलेटिन कशाचे होते हे चार तासांनी रुग्णालयात पोहोचलेल्यालाही कळत नाही. त्याही आधी, १९५० मध्ये, विल्यम कॅप यांनी खासगी उद्योगाच्या सामाजिक परिव्ययाची मांडणी केली. उद्योग आपल्या खर्चाचा एक हिस्सा हिशेबात न धरता समाजाच्या माथी मारतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्तुत प्रश्नात हा परिव्यय डोळ्यांनी दिसतो. प्रत्येक पदार्थासाठी कंपनीला पत्र लिहिणे, दूरध्वनीवर ताटकळणे, ‘आमची कृती गोपनीय आहे’ असे उत्तर ऐकणे, महिन्याभराने पुरवठादार बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे हे काम लाखो माणसे स्वतंत्रपणे, फुकट आणि भयभीत होऊन करतात. कंपनीने एक शब्द अधिक छापला असता तर ते एकदाच आणि सर्वांसाठी झाले असते. न छापलेल्या शब्दाची किंमत अशी वसूल होते.

ती कोणाकडून वसूल होते, हेही पाहावे. गोचीड वातानुकूलित कचेरीत चावत नाही. ती शेतात, जंगलात, कुरणांत, बागा राखणाऱ्यांना चावते. जर्मनीतील वनकर्मचारी व शिकारी यांच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात अल्फा-गॅलविरोधी प्रतिद्रव्ये आढळली होती. त्या सर्वांना विकार जडला होता असे नव्हे, पण धोका कोणाच्या वाट्याला येतो ते त्यातून दिसते. आपल्याकडे सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांत गोचिडीमुळे पसरणाऱ्या माकडतापाने काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठले, तो रोग निराळा. पण न्याय तोच. उघड्यावर राबणाऱ्याला दंश होतो आणि स्वस्त, तयार, पुडक्यातले अन्न घेणेही बहुधा त्यालाच भाग पडते. ताजा भाजीपाला, मासळी आणि फुरसत ज्याच्यापाशी आहे त्याला पुडके वाचण्याची गरजच कमी पडते.

यावर उद्योगांचे आक्षेप ठरलेले आहेत. रुग्ण थोडे आहेत, वेष्टनावर जागा नाही, कृती गोपनीय आहे. रुग्णांची संख्या थोडी असल्याचे कोणी सांगू नये. ज्या विकाराची देशभर सक्तीची नोंदच होत नाही त्याची संख्या कमीच दिसणार. जागेविषयी म्हणाल तर जाहिरातीच्या वल्गनांना ती पुरते. आणि गोपनीयता प्रमाणांची असू शकते, उगमाची नव्हे. मसाला किती घातला हे सांगू नका. बैल घातला की लिंबू, एवढे सांगा. तरीही कायदा केला की प्रश्न सुटला, अशा भाबडेपणात कोणी राहू नये. तिळाची सक्ती आली तेव्हा अमेरिकेतील काही बेकऱ्यांनी यंत्रे काटेकोर स्वच्छ ठेवण्याचा खर्च वाचवण्यासाठी पावात मुद्दामच तीळ मिसळले आणि यादीत ‘तीळ’ असे छापून टाकले. कायद्याचे अक्षर पाळले गेले. रुग्णाचा पाव मात्र गेला. नफा हीच प्रेरणा राहिली तर नियमही नफ्याचे साधन बनतात. म्हणून नियमामागे जागृत ग्राहकांची संघटना आणि तपासणी करणारी सार्वजनिक यंत्रणा उभी असावी लागते.

आता आपल्या घरात डोकावू. पुडक्यावर हिरवे व तपकिरी चिन्ह छापण्यात आपण जगाच्या पुढे आहोत असे आपल्याला वाटते. ते चिन्ह प्रस्तुत रुग्णाच्या कितपत उपयोगी आहे? हिरव्या चिन्हाखाली दूध चालते, म्हणून दूध न सोसणाऱ्याला ते पुरत नाही. तपकिरी चिन्हाखाली अंडे, बांगडा, कोंबडी आणि बोकड एकाच पंगतीला बसतात. मासे खुशाल खाऊ शकणाऱ्याला त्यातून काहीच बोध होत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या वेष्टनविषयक नियमांत ॲलर्जीकारक पदार्थांची जी यादी आहे तिच्यातही दूध वगळता सस्तन प्राण्यांचे घटक नाहीत. कारण आपले चिन्ह सोवळ्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मले, आरोग्याच्या नव्हे.

तरीही त्याच वाटेने एक मोलाचा निर्णय आपल्या पदरात पडला आहे. एका गोरक्षणवादी संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आदेश दिला की खाद्यपदार्थातील प्रत्येक घटक केवळ सांकेतिक क्रमांकाने न दाखविता तो वनस्पतिजन्य आहे, प्राणिजन्य आहे की प्रयोगशाळेत बनविलेला आहे हेही उघड केले पाहिजे; त्याचे प्रमाण कितीही अल्प असो. याचिका ज्या भावनेतून आली तिच्याशी आमचा मतभेद असू शकतो. पण खाणाऱ्याला जाणण्याचा हक्क आहे, हे तत्त्व कोणा एका पंथाचे राहत नाही. ते शाकाहाऱ्याचे आहे, मुसलमानाचे आहे, ज्यूचे आहे आणि ज्याच्या रक्तात गोचिडीने विष कालवले त्याचेही आहे. मात्र एक भेद डोळ्यांआड होऊ देता कामा नये. माझ्या ताटात काय आहे हे मला कळणे हा हक्क आहे. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे ते मी हुडकणे ही दंडेली आहे. वेष्टनावरील अक्षर पहिल्याचे साधन व्हावे. दुसऱ्याचे हत्यार होऊ नये.

या प्रश्नाला समाजवाद्यांच्या इतिहासात एक जुने घर आहे. अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या मांस-कारखान्यांवरील ‘द जंगल’ ही कादंबरी १९०५ साली ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकातच क्रमशः प्रसिद्ध झाली. १९०६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत शुद्ध अन्न व औषधांचा आणि मांस-तपासणीचा असे दोन कायदे झाले. लेखकाला पुढे खंत वाटत राहिली की आपण कामगारांच्या यातना दाखवल्या. वाचकांनी फक्त आपल्या ताटाची काळजी केली. ती खंत खरी आहे. पण कामगाराची यातना आणि खाणाऱ्याचे ताट या दोन गोष्टी नाहीत. कारखान्याच्या भिंतीमागे काय चालते ते झाकून ठेवण्याची ज्याला मुभा असते तो मजुरालाही लुटतो आणि गिऱ्हाइकालाही. आपल्याकडे १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघराचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न असतो हे त्यांनी एका फटक्यात सिद्ध केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ च्या कायद्याने माहितीचा हक्क ग्राहकाला दिला. त्या वाटेवरचे पुढचे पाऊल आता टाकायचे आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक घटकापुढे, मग तो स्वाद असो वा इमल्सिफायर, तो कोणत्या वनस्पतीचा वा प्राण्याचा हे नाव घालून लिहावे. केवळ ‘प्राणिजन्य’ म्हणून भागवू नये. घटकाचा उगम बदलला तर ते वेष्टनाच्या दर्शनी भागावर सांगावे. औषधाच्या गोळ्या आणि कवचे यांनाही हाच नियम लागू करावा. पथ्य पाळणाऱ्याला औषधानेच घात करावा यासारखी विटंबना नाही. आणि हे सारे वाचता येईल एवढ्या अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत असावे. आज आपल्या कायद्याला इंग्रजी वा हिंदी पुरते. दोडामार्गच्या काजूबागेत राबणाऱ्या बाईच्या मराठीची त्याला सक्ती नाही.

हा विकार आज आपल्या दारात किती आला आहे यावर या मागण्या अवलंबून नाहीत. न्यू जर्सीच्या त्या गृहस्थाला पुडक्यावरच्या एखाद्या शब्दाने वाचवले असते, असेही आमचे म्हणणे नाही. त्याला तर आपल्या विकाराचे नावच कोणी सांगितले नव्हते. पण ज्यांना ते नाव सांगितले गेले आहे, त्यांना रोज सकाळी न्याहारीपूर्वी अंधारात चाचपडावे लागते, आणि तो अंधार निसर्गाने केलेला नाही. तो छापखान्यात, वकिलांच्या सल्ल्याने, एक शब्द गाळून तयार केलेला आहे. गाळलेला शब्द परत छापून घेणे एवढेच काम आहे. ते लहान दिसते म्हणूनच अद्याप कोणी केले नाही.